तिसऱ्या मठाची जमीन

दिंडीच्या शंभर वर्षांच्या स्मरणिकेत काय काय यावे याची बैठक मठातच झाली. विणेकऱ्यांची परंपरा, मुक्कामांची यादी, अन्नदाते, दिंडीत चालता चालता देह ठेवलेल्या माउली, हे सगळे ठरले. उठता उठता कोपऱ्यातून एका जुन्या माळकऱ्याने विचारले, "आणि जमीन खचली त्येचं कोण लिवणार?" घटकाभर कोणी बोलले नाही. कारण ती गोष्ट मिरवायची नाही. त्यात आमची घाई आहे, आमचे अज्ञान आहे, आणि एका माउलीचे मोडलेले हाड आहे. पण इतिहास लिहायचा तर पुरा लिहावा, या विचाराने आम्ही चार-पाच जणांनी जुन्या वह्या काढल्या, ज्यांच्या डोळ्यांदेखत घडले त्यांना विचारले, आणि हा लेख मिळून लिहिला आहे.

पहिले दोन मठ

आजचा मठ हा आपला तिसरा. पहिला होता खाली, कोयनेच्या काठच्या जुन्या गावठाणात. मातीच्या भिंती, गवताचे छप्पर, शेणाने सारवलेली जमीन. पन्नाशीच्या दशकात धरणाचे काम सुरू झाले, १९६४ साली ते पूर्ण झाले, आणि शिवसागराच्या पाण्याने खोऱ्यातली कितीतरी गावे पोटात घेतली. पुष्कळ कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली. जी राहिली ती डोंगराच्या अंगाला वर सरकली. आपली वाडी त्यांतलीच. देवाच्या मूर्ती, वीणा आणि पताका डोक्यावर घेऊन माणसे चढण चढली, आणि वर दुसरा मठ बांधला. दगड-मातीच्या भिंती, वर कौले.

तो मठ फार टिकला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा मोठा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती या धक्क्यापुढे उभ्या राहत नाहीत. आमचीही एक बाजू आतल्या आत बसली. मूर्ती राहिल्या, माणसे वाचली, मठ गेला. पुढची काही वर्षे एकादशीचे कीर्तन मांडवात, पावसाळ्यात कोणाच्या तरी पडवीत. त्यात १९७२ चा दुष्काळ आला. पैसा कुठून आणणार?

तेव्हा पहिला मठ पाण्याने नेला, दुसरा भूकंपाने पाडला. तिसरा खचला तो मात्र आमच्याच हाताने.

पन्नासावे वर्ष

दिंडीचे पन्नासावे वर्ष जवळ आले, आणि मुंबईच्या चाकरमानी मंडळींनी उचल खाल्ली. सुवर्णमहोत्सवाचा सप्ताह नव्या मठातच झाला पाहिजे. बांधकाम सिमेंट-काँक्रीटचे हवे, म्हणजे भूकंपाची भीती नको. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळे. तालुक्याला खेपा घालाव्या लागत. मागितली त्याच्या निम्मीच पोती हाती येत. आलेली पोती बामणोलीवरून लाँचने पाण्यापलीकडे, आणि काठावरून डोक्यावर. पन्नास किलोचे पोते, दीड तासाची चढण. अर्धे अर्धे करून आणावे लागे.

जागा डोंगरउताराची. चाळीस फूट लांब आणि चोवीस फूट रुंद सभामंडप बसवायचा तर वरच्या अंगाला डोंगर कापावा लागतो, खालच्या अंगाला भर घालावी लागते. तसेच केले. वरचे चौदा फूट कापलेल्या कठीण मुरमावर आले. खालचे दहा फूट भरावावर. दरीच्या बाजूला पाच फूट उंचीची जोत्याची दगडी भिंत बांधली. गवंडी जाणता होता. त्याने हट्टाने त्या भिंतीचा पाया खडकापर्यंत नेला. म्हणून मठाच्या भिंती आणि छप्पर आजवर सुरक्षित आहेत, हे त्याचे उपकार विसरू नयेत.

चूक झाली ती जोत्याच्या आत. भरायला माती कुठली? पडलेल्या मठाचा ढीग बाजूलाच होता. जुन्या मठाची माती नव्या मठाच्या पायाखाली असावी, अशी सगळ्यांची भावना. भावना चांगलीच होती. पण त्या ढिगात माती होती, दगड होते, कौलांचे तुकडे होते, तुटलेल्या वाशांचे लाकूड होते, भिंतीतला पेंढाही होता. ते सगळे घमेल्यांनी जसेच्या तसे ओतले. भराव कसा घालावा हे आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होते. सहा-आठ इंचांचा थर टाकावा, पाणी शिंपडावे, धुम्मसाने ठोकावे, मग पुढचा थर. शेणाची जमीनसुद्धा त्या चोपण्याने चोपून करत. आम्ही पाच फूट भर दोन दिवसांत घातली. सप्ताहाला बारा दिवस उरले होते.

त्यावर डबराचे सोलिंग, आणि त्यावर चार इंचांचा काँक्रीटचा स्लॅब. सिमेंट कमी पडू लागले तेव्हा कडेला तो तीन इंचांवर आला. हे आम्हाला वीस वर्षांनी कळले, भोके पाडली तेव्हा. स्लॅब एका रात्रीत ओतला. घराघरातून माणूस आला होता. बायका घमेली पुढे देत होत्या, मृदंग वाजत होता, पहाटेपर्यंत भजन चालले. त्या रात्रीची आठवण काढताना आजही म्हाताऱ्यांचे डोळे भरून येतात. सुवर्णमहोत्सव थाटात पार पडला.

जमीन बोलू लागली

पहिली काही वर्षे काही जाणवले नाही. मग सभामंडपात, मधल्या रेषेच्या खालच्या अंगाला, चाळीस फूट लांबीची एक केसासारखी भेग दिसू लागली. आम्ही तिच्यावर सिमेंटचे पाणी फासले. पुढच्या पावसाळ्यानंतर ती पुन्हा उघडली. पुन्हा फासले. असे चार-पाच वेळा झाले. हळूहळू भेगेच्या एका बाजूला बोट अडखळू लागले, मग अंगठा.

पहिले ओळखले ते आमच्या मृदंग वाजवणाऱ्या बुवांनी. कीर्तनात पावल्या सुरू झाल्या की शंभर पावले एका ठेक्यात पडतात. बुवा म्हणाले, "खालच्या अंगाला ठेका घुमतो. वरच्या अंगाला न्हाई घुमत. जमीन पोकळ झाली." आम्ही हसलो. त्यांनी पखवाज खाली ठेवला, पहार उचलली आणि ठोकून दाखवले. वरच्या अंगाला खणखणीत आवाज, खालच्या अंगाला बद्द. हसू थांबले, पण काम कोणी हाती घेतले नाही. आज करू, कार्तिकीनंतर करू, असे म्हणता म्हणता तीन वर्षे गेली.

मग ती कार्तिकीची रात्र. दिव्याचा उजेड कमी होता. डोक्यावर तुळस घेऊन आळंदी ते पंढरपूर कित्येक वर्षे चाललेली आमची एक मावशी आरतीचे ताट घेऊन आत येत होती. भेगेच्या कडेला पाय अडकला आणि ती पडली. खुब्याचे हाड मोडले. लाँचने पलीकडे, तिथून गाडीने साताऱ्याला न्यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. ती बरी झाली, काठी टेकत चालू लागली, पण पुन्हा वारीला आली नाही. भेटायला गेलो तर एवढेच म्हणाली, "पाय न्हाई घसरला माझा. जमीनच खाली गेली."

दोष कोणाचा

यानंतर बैठक बसली आणि चांगलीच तापली. काहींचे म्हणणे, हा भूकंपाचाच परिणाम, कोयनेला बारीक धक्के बसतातच, त्याला कोण काय करणार. मुंबईच्या मंडळींचे म्हणणे, पैसे आम्ही देतो, वरून चांगली लादी घाला, प्रश्न मिटला. तिसरा पक्ष म्हणाला, खालचा स्लॅब फोडून नवा ओता.

तेव्हा ज्यांनी तोंड उघडले ते काका दिंडीत टाळ घेऊन मागच्या रांगेत चालणारे, अबोल. तरुणपणी ते धरणावर ग्राऊटिंगच्या टोळीत होते. ग्राऊटिंग म्हणजे दगडातल्या, काँक्रीटमधल्या भेगांत आणि पोकळ्यांत सिमेंटचे पातळ मिश्रण भरणे. १९६७ च्या भूकंपात धरणाच्या भिंतीलाही भेगा पडल्या होत्या, त्या भरून पुढे धरण मजबूत करण्यात आले, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या धरणाने आमचा पहिला मठ बुडवला त्याच धरणाने आम्हाला हा माणूस शिकवून ठेवला होता.

काका म्हणाले, "आवो, लादी टाकून काय हुतंय? खाली पोकळ हाय. लादीबी जाईल. आन् फोडायचं म्हणताय, तर हिशेब करा."

हिशेब केला. चारशे चौरस फूट, चार इंच जाडी. फोडलेला राडारोडाच नऊ टनांच्या घरात. नव्याला पंचवीस पोती सिमेंट, पाच-साडेपाच घनमीटर खडी-वाळू, आणि सगळे डोक्यावरून. शिवाय खालचा भराव तोच राहणार. म्हणजे पंधरा वर्षांनी पुन्हा हेच.

"आधी बघू, ती का खचती. औषध मग," काका म्हणाले.

त्यांनी दोन गोष्टी करायला लावल्या. भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या बारीक पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या. जमीन हलली तर काच तडकते, खोटे बोलत नाही. दुसरे, गवंड्याची पाण्याची नळी आणली. पारदर्शक नळीत पाणी भरले की दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीत राहते, मग मध्ये कितीही अंतर असो. भिंती खडकावर होत्या, म्हणून भिंतीवर पातळीची खूण कोरली आणि तिथून जमीन किती खाली आहे ते सुतात मोजले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कडेला जमीन सोळा सूत, म्हणजे दोन इंच खाली होती. भेगेपाशी पायरी सहा सुतांची.

वर्षभर दर अमावास्येला मोजायचे ठरले. कार्तिक ते ज्येष्ठ, सात महिन्यांत एकही सूत फरक नाही. आषाढाची वारी करून परत आलो तर दोन काचा तडकल्या होत्या. श्रावणात आणखी एक सूत. भूकंपाचे छोटे धक्के हिवाळ्यातही बसले होते, तेव्हा काच हलली नव्हती. भिंतींनाही कुठे चीर नव्हती. म्हणजे दोष भूकंपाचा नव्हता. जमीन पावसात खचत होती.

आमच्या पट्ट्यात पाऊस म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून समजत नाही. महाबळेश्वर, नवजा या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडते. काकांनी भर पावसात आम्हाला दरीच्या बाजूला नेले आणि जोत्याच्या भिंतीकडे बोट दाखवले. दगडांच्या सांध्यांतून पाणी येत होते. लाल पाणी. "निवळ पाणी आलं तर भ्यायचं न्हाई. लाल आलं म्हंजी आतली माती चालली," ते म्हणाले. वीस वर्षे आमच्या जमिनीखालची माती थेंबाथेंबाने दरीत जात होती. त्यात जुन्या मठाचे वासे कुजले, पेंढा कुजला, त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या.

आणि पाणी आत शिरत होते तीन वाटांनी. डोंगरातून पाझरणारे वरच्या अंगाने. छपराच्या पागोळ्या थेट जोत्याच्या कडेला. तिसरी वाट कळली तेव्हा मात्र आम्ही खाली पाहिले. मठात येणाऱ्या वारकऱ्याचे पाय धुवायचा दगड आम्ही मोठ्या श्रद्धेने दाराशी, भरावाच्या कोपऱ्यावरच बसवला होता. त्याला मोरी नव्हती. संतांच्या पायांचे पाणी म्हणून आम्ही ते बाहेर काढून दिले नाही, आणि ते बारा महिने त्याच जमिनीखाली मुरत राहिले.

पाणी आधी

म्हणून पहिले काम जमिनीचे झालेच नाही. पाण्याचे झाले.

वरच्या अंगाला, मठापासून सहा फुटांवर, दोन फूट खोल चर खणला, तळाला उतार दिला, दगड भरले आणि डोंगराचे पाणी मठाला वळसा घालून ओढ्यात सोडले. छपराला पत्र्याची पन्हळ लावली, तिचे पाणी नळाने लांब नेले. पाय धुवायचा दगड उचलून अंगणाच्या खालच्या टोकाला बसवला, त्याला पक्की मोरी केली. आता ते पाणी खालच्या तुळशीच्या वाफ्याला जाते. दगड हलवायला काही जणांचा जीव तुटला. पण तुळशीला पाणी मिळते म्हटल्यावर सगळे गप्प झाले.

जोत्याच्या भिंतीचे रुंद सांधे बाहेरून चुना-सिमेंटने भरले. पण पाणी बाहेर यायला खालच्या ओळीत चार भोके राखली, आणि त्यांच्या आत मुठीएवढे दगड, त्यामागे बारीक खडी भरली. पाणी निघावे, माती अडावी. भिंत अगदी बंद केली असती तर आत साठलेल्या पाण्याने ती ढकलून दिली असती.

आणि मग काकांनी सर्वांत अवघड गोष्ट सांगितली. एक पावसाळा थांबा. मुंबईहून निरोपावर निरोप, की पैसे तयार आहेत, काम का अडलंय? पन्नासाव्या वर्षी आम्ही बारा दिवसांसाठी धावलो होतो, या वेळी बारा महिने थांबलो. त्या पावसाळ्यात भोकांतून पाणी आले ते निवळ, आणि फारच थोडे. काचा तडकल्या नाहीत.

बावीस भोके

कार्तिकीनंतर, जमीन पुरती वाळल्यावर, काम धरले. बुवांनी पहारेने ठोकत ठोकत बद्द आवाजाची हद्द शोधली, पोरांनी गेरूने रेघ आखली. सुमारे दोनशे चौरस फूट भाग पोकळ निघाला. त्यात तीन-तीन फुटांवर बावीस खुणा केल्या. ड्रिल मशीन नव्हते. टोकदार छिन्नी धरून दर ठोक्याला थोडी फिरवायची, असे करत सव्वा इंचाचे एकेक भोक पाडले. एका भोकाला तासभर. भोकातून वाकवलेली तार सोडून पोकळी मोजली. कुठे अर्धा इंच, कुठे अडीच, सरासरी दीड इंच. दोनशे चौरस फुटांखाली दीड इंच म्हणजे पंचवीस घनफूट, सातशे लिटर.

निव्वळ सिमेंट-वाळूने ते भरायला बारा पोती लागली असती. काकांनी वेगळे प्रमाण धरले. एक माप सिमेंट, तीन मापे रव्यासारखा चाळलेला मुरूम. मुरूम वाडीतच मिळतो, डोक्यावरून आणायला नको. खाली पोकळी भरायची आहे, छप्पर पेलायचे नाही, तेव्हा एवढी ताकद पुरते. चिकण माती मात्र घ्यायची नाही, ती सुकली की आकसते. पाणी किती? "ताक नको, घावनाचं पीठ हवं," असे सांगितल्यावर बायकांना लगेच कळले, आणि गारा कालवण्याचे काम त्यांनीच हाती घेतले. कापलेल्या पिंपात कालवायचा, सतत ढवळत राहायचा, नाहीतर मुरूम तळाला बसतो.

काही तरुणांना वाटले, पिंप माळ्यावर ठेवू, वरून नळी सोडू, जोराने भरेल, खचलेला स्लॅबही वर उचलला जाईल. काकांनी तिथेच थांबवले आणि जमिनीवर खडूने हिशेब मांडला. चार इंचांच्या काँक्रीटचे वजन दर चौरस फुटाला तेवीस-चोवीस किलो. आपला गारा पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड. तो एक फूट उंच उभा राहिला तरी खालून दर चौरस फुटाला पन्नास किलोंहून जास्त रेटा देतो. माळ्यावरून सोडला तर स्लॅब उचलेल खरा, पण सारखा नाही उचलणार. जिथे पोकळी मोठी तिथे वर येईल, बाकीकडे चिकटून राहील, आणि मधोमध फुटेल. कडेला तर तो तीनच इंच होता. "तिला उचलायची न्हाई. हाय तिथं तिला टेकण द्यायचं," ते म्हणाले.

म्हणून साधे नरसाळे, त्याला वीतभर नळीचा तुकडा, आणि हळूहळू ओतणे. सुरुवात दरीकडच्या, सर्वांत खोल भोकापासून. गारा शेजारच्या भोकातून वर डोकावला की पहिल्यात लाकडी खुंटी ठोकायची आणि पुढच्या भोकावर जायचे. खालून वर असे सरकले की आतली हवा पुढच्या भोकांतून निघून जाते, पोकळी राहत नाही. जमिनीवर आडवी दोरी ताणली होती, स्लॅब केसभर उठला तरी दिसावे म्हणून. बाहेर दोन पोरे भिंतीवर नजर ठेवून. दोनदा त्यांनी हाक दिली, गारा सांध्यातून येत होता. ओतणे थांबवले, सांधा चिंध्या आणि मातीने दाबला, घटकाभराने पुन्हा सुरू.

दोन दिवस लागले. सहा पोत्यांचा अंदाज होता, सात लागली. कुजलेल्या वाशांच्या पोकळ्या आमच्या तारेला लागल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी गारा थोडा बसला होता, तेव्हा वरून पुन्हा थोडा भरला. मग भोके सिमेंटने बुजवली. भेग मात्र सिमेंटने भरली नाही. वरचा भाग खडकावर, खालचा भरावावर. दोघांची चाल वेगळी, त्यांना एकत्र बांधले तर पुन्हा तुटणार. ती साफ करून डांबर आणि वाळूने भरली. पायरीची कड छिन्नीने तासून, दगडाने घासून उताराची केली. आता तिथे लहान मूल रांगत गेले तरी अडखळत नाही.

दहा दिवस मठात पाऊल वाजवायचे नाही असे ठरले. मधली एकादशी अंगणात झाली. त्यानंतरच्या एकादशीला आत कीर्तन उभे राहिले. पावल्या सुरू झाल्या. आमचे सगळ्यांचे डोळे बुवांवर. त्यांनी डोळे मिटून दोन आवर्तने वाजवली आणि मान हलवली. घुमत नव्हते. मावशी दाराशी भिंतीला टेकून बसली होती. ती काही बोलली नाही. काठी बाजूला ठेवून तिने टाळी धरली.

दुसऱ्यांसाठी दोन शब्द

हे वाचून कोणी आपल्या गावच्या धर्मशाळेत लगेच भोके पाडायला घेऊ नयेत. पंढरपूरकडच्या काळ्या जमिनीचा स्वभाव निराळा आहे. ती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते, फरशी वर उचलते आणि खाली सोडते. तिथे पोकळी भरून भागत नाही, उलट पुढच्या पावसाळ्यात फरशी आणखी वर येईल. आणि जमिनीबरोबर भिंतींना, खांबांना तिरक्या चिरा पडत असतील तर तो पायाचा आजार आहे, फरशीचा नाही. तिथे जाणत्या इंजिनियरलाच बोलवावे. पण जागा कुठलीही असो, पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे आधी पाहावे. आणि निदान एक वर्ष मोजावे. काच आणि नळी, दोन्ही स्वस्त आहेत.

नोंद

त्या वर्षीचा खर्च वहीत एका पानात मावला आहे. सात पोती सिमेंट, पन्हळीचा पत्रा, डांबर, काचेच्या पट्ट्या, गवंड्याची मजुरी. मुंबईच्या मंडळींनी लादीसाठी जमवलेले पैसे उरले. लादी पुढे घालू म्हणून ते बाजूला ठेवले होते. नंतर त्यांच्याच संमतीने लाँचच्या धक्क्यापासून मठापर्यंतच्या चढणीवर, जिथे म्हातारी माणसे दमतात, तिथे पायऱ्या आणि बसायचे कट्टे केले. पहिल्या कट्ट्यावर आमची मावशी बसायची.

जमीन आजही दरीच्या बाजूला दोन इंच खाली आहे. ती वर आली नाही, आम्ही आणलीही नाही. नवे पाहुणे विचारतात, ही कललेली का? पोरे कीर्तनापूर्वी गोट्या सोडतात, त्या सगळ्या दाराशी गोळा होतात. आमचे विणेकरी बाबा गमतीने म्हणत, "देव एका विटेवर अठ्ठावीस युगं उभा ऱ्हातो, आन् आपल्याला चाळीस फूट जमीन सरळ ठेवता येईना."

पण ती थांबली आहे. आषाढी करून दिंडी परतली की दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची नळी काढायची आणि भिंतीवरच्या खुणेपासून जमीन मोजायची, हा आता दिंडीचा नेमच झाला आहे. काका होते तोवर ते मोजत. आता त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरे मोजतात, आणि ती पोरेही आता पिकल्या केसांची झाली. वहीत पहिल्या वर्षी 'एक सूत' अशी नोंद आहे. त्यापुढे दरवर्षी दोनच शब्द आहेत, 'फरक नाही'.

शताब्दीनिमित्त मठ वाढवायचा विचार चालू आहे. जागा पुन्हा उताराचीच आहे, पुन्हा भर घालावी लागेल. मुंबईहून, पुण्याहून विचारणा होते, सोहळ्याच्या आत होईल का? या वेळी बैठकीत एकमताने ठरले आहे. भर सहा-सहा इंचांच्या थराने, प्रत्येक थर ठोकून. पाण्याची वाट आधी, बांधकाम मागून. आणि भर घातल्यावर एक पूर्ण पावसाळा तिला उघड्यावर बसू द्यायचे. सोहळा जुन्याच मठात होईल, त्या कललेल्या जमिनीवर. येणाऱ्या सर्व माउलींनी पाय अंगणाच्या खालच्या टोकाच्या दगडावर धुऊन आत यावे, ही विनंती.

रामकृष्ण हरी.